मुतखड्यावरील दुर्बिणीच्या शस्त्रक्रिया आणि आयुष्मान भारत योजनेतील लाभ

लघवीतील क्षार मूत्रपिंडात साचून त्यांचा जो कठीण खडा बनतो त्याला मुतखडा म्हणतात. बहुतेक मुतखडे कॅल्शियम ऑक्झलेटचे असतात. युरिक अॅसिडचे, वारंवार होणाऱ्या जंतुसंसर्गामुळे तयार होणारे आणि क्वचित आनुवंशिक दोषामुळे होणारे सिस्टीनचे खडेही आढळतात. राजस्थान, गुजरात, पंजाब, हरियाणा, दिल्ली आणि महाराष्ट्राचा काही भाग या पट्ट्यात मुतखड्याचे रुग्ण विशेष दिसतात. उन्हात किंवा भट्टीजवळ काम करणारे, दिवसभर घाम गाळून पाणी मात्र कमी पिणारे कामगार, ट्रकचालक, वीटभट्टी आणि बांधकामावरील मजूर यांना हा त्रास अधिक होतो. म्हणजे ज्यांना हा आजार जास्त, त्यांतील बरेच जण सरकारी आरोग्य योजनांचे लाभार्थी आहेत.

पूर्वी मुतखडा काढायचा म्हणजे कुशीवर वीतभर छेद, आठ-दहा दिवस रुग्णालय आणि दोन-दोन महिने कामाला सुट्टी असे समीकरण होते. आज उघडी शस्त्रक्रिया अपवादानेच करावी लागते. शरीराबाहेरून लहरी सोडून, लघवीच्या मार्गातून दुर्बीण घालून किंवा पाठीतून एखाद्या सेंटिमीटरचे छिद्र पाडून खडा फोडता येतो. या उपचारांचा समावेश आयुष्मान भारत – प्रधानमंत्री जन आरोग्य योजनेच्या मूत्रविकार शस्त्रक्रिया विभागात आहे. कोणती पद्धत कोणासाठी योग्य, योजनेतून नेमके काय मिळते आणि शस्त्रक्रियेनंतर कोणती एक गोष्ट विसरून चालत नाही, याची माहिती येथे दिली आहे.

शस्त्रक्रिया केव्हा लागते?

प्रत्येक मुतखड्याला शस्त्रक्रिया लागत नाही. मूत्रवाहिनीत उतरलेला ५ मिलिमीटरपर्यंतचा खडा बहुधा आपोआप पडून जातो. त्याहून थोडा मोठा, १० मिलिमीटरपर्यंतचा खडा असेल आणि वेदना आटोक्यात असतील, ताप नसेल, मूत्रपिंडाचे काम चांगले असेल तर डॉक्टर काही आठवडे गोळ्या देऊन वाट पाहू शकतात. मात्र ही वाट पाहणे तारखेला बांधलेले असावे. चार ते सहा आठवड्यांत खडा पडला नाही तर पुन्हा तपासणी करून पुढचा निर्णय घ्यावा लागतो.

येथे एक मोठा गैरसमज आहे. कळ थांबली म्हणजे खडा पडला असे अनेकांना वाटते. मूत्रवाहिनीत अडकलेला खडा काही दिवसांनी दुखायचा थांबतो, पण अडथळा तसाच राहू शकतो. वर तुंबलेली लघवी मूत्रपिंडावर दाब देत राहते आणि काही महिन्यांत ते मूत्रपिंड निकामी होऊ शकते, तेही फारसे न दुखता. म्हणून कुळथाचे पाणी, पानफुटीचा रस किंवा आणखी कोणता उपाय घेतला असेल तरी खडा पडल्याची खात्री सोनोग्राफी किंवा एक्स-रे करूनच करावी. पडलेला खडा हाती लागला तर तो स्वच्छ डबीत ठेवून डॉक्टरांना दाखवावा. खडा कशाचा आहे हे कळले की पुढचा आहार व औषधे ठरवणे सोपे जाते.

वारंवार कळ येणे, न पडणारा खडा, मूत्रपिंडाला सूज, पुन्हा पुन्हा होणारा जंतुसंसर्ग, एकच मूत्रपिंड असणे किंवा मूत्रपिंडात वाढत जाणारा मोठा खडा ही शस्त्रक्रियेची प्रमुख कारणे आहेत.

कोणती पद्धत, कोणत्या खड्यासाठी?

याचे उत्तर चार गोष्टींवर ठरते: खडा किती मोठा आहे, कोठे आहे, किती कठीण आहे आणि मूत्रपिंडाची रचना कशी आहे. सोनोग्राफीवर खडा दिसतो, पण त्याचे नेमके माप आणि कठीणपणा साध्या सीटी स्कॅनवर अधिक चांगला कळतो. या स्कॅनला शिरेतून रंगद्रव्याचे इंजेक्शन लागत नाही.

बाहेरून लहरी देऊन खडा फोडणे, म्हणजे लिथोट्रिप्सी किंवा ईएसडब्ल्यूएल. यात शरीरावर कोठेही छेद नसतो. यंत्रातून सोडलेल्या आघातलहरी खड्यावर एकत्र येतात आणि त्याचे तुकडे होतात. जर्मनीतील म्युनिक येथे ७ फेब्रुवारी १९८० रोजी पहिल्या रुग्णावर हा उपचार झाला. मूत्रपिंडातील १ सेंटिमीटरच्या आतबाहेरचे, फार कठीण नसलेले खडे यासाठी योग्य ठरतात. लहान मुलांत याचा परिणाम चांगला दिसतो. सहसा त्याच दिवशी घरी जाता येते. मात्र खडा फुटला तरी त्याचे तुकडे रुग्णालाच लघवीवाटे बाहेर टाकायचे असतात. त्या वेळी कळ येऊ शकते, लघवी लालसर होऊ शकते आणि कधी तुकड्यांची रांग मूत्रवाहिनीत अडकून पुन्हा अडथळा होतो. एकाच बैठकीत काम होईल असेही नाही. गर्भवती स्त्री, रक्त गोठण्याचा दोष असलेला किंवा रक्त पातळ करणारे औषध बंद करता न येणारा रुग्ण, उपचार न झालेला जंतुसंसर्ग आणि खड्याच्या खाली मूत्रवाहिनी अरुंद असणे, अशा स्थितीत हा उपचार करत नाहीत.

मूत्रवाहिनीतील खड्यासाठी यूआरएस. लघवीच्या मार्गातून पेन्सिलीहून बारीक दुर्बीण मूत्राशयात आणि तेथून मूत्रवाहिनीत नेतात. खडा दिसला की तो हवेच्या दाबाने ठोके देणाऱ्या यंत्राने किंवा लेझरने फोडतात व तुकडे काढतात. मूत्रवाहिनीच्या खालच्या भागातील खड्यासाठी ही पद्धत फार खात्रीची आहे. बाहेर एकही टाका नसतो आणि बहुतेक रुग्ण एक-दोन दिवसांत घरी जातात.

आरआयआरएस ही त्याच मार्गाने जाणारी, पण वाकणाऱ्या दुर्बिणीची शस्त्रक्रिया आहे. ही दुर्बीण थेट मूत्रपिंडाच्या कप्प्यांत वळवता येते आणि लेझरने खड्याची पूड करता येते. २ सेंटिमीटरपर्यंतच्या खड्यांसाठी, विशेषतः खालच्या कप्प्यात बसलेल्या आणि लहरींना दाद न देणाऱ्या खड्यांसाठी ती उपयोगी आहे. रक्त पातळ करणारी औषधे थांबवता न येणाऱ्या रुग्णांसाठीही डॉक्टर हिचा विचार करतात. हिच्यात एक अडचण येते आणि ती आधी सांगितली नाही तर रुग्ण व डॉक्टर यांच्यात वाद होतात. काही रुग्णांची मूत्रवाहिनी जन्मतःच इतकी अरुंद असते की दुर्बीण वर जातच नाही. जोर केला तर मूत्रवाहिनी फाटू शकते. अशा वेळी शहाणा सर्जन तेथेच थांबतो, आत एक मऊ नळी म्हणजे स्टेंट ठेवतो आणि साधारण दोन आठवड्यांनी, मूत्रवाहिनी सैल झाल्यावर, पुन्हा शस्त्रक्रिया करतो. ‘एकदा भूल दिली, खडा मात्र तसाच’ असे ऐकून नातेवाईक चिडतात. पण हा निर्णय रुग्णाच्या हिताचा असतो.

पाठीतून छिद्र पाडून केली जाणारी शस्त्रक्रिया म्हणजे पीसीएनएल. २ सेंटिमीटरहून मोठे खडे आणि मूत्रपिंडाचे अनेक कप्पे व्यापणारे हरणाच्या शिंगांसारखे फाटे फुटलेले खडे यांसाठी आजही हीच पहिली पसंती आहे. स्वीडनमधील फर्नस्ट्रोम आणि जोहान्सन यांनी १९७६ मध्ये या पद्धतीची पहिली नोंद केली. भूल दिल्यावर एक्स-रे किंवा सोनोग्राफीच्या साहाय्याने पाठीतून मूत्रपिंडात सुई नेतात, तो मार्ग हळूहळू रुंद करून आत दुर्बीण घालतात आणि खडा फोडून तुकडे त्याच वाटेने बाहेर काढतात. नेहमीच्या पीसीएनएलमध्ये हा मार्ग ८ ते १० मिलिमीटर रुंद असतो. ‘मिनी’ पद्धतीत तो त्याहून बराच बारीक असतो, त्यामुळे रक्तस्राव कमी होतो. मार्ग बारीक करण्याच्या या प्रयत्नांत भारतीय सर्जनांचा वाटा मोठा आहे. गुजरातमधील नडियाद येथील मुळजीभाई पटेल युरॉलॉजिकल हॉस्पिटलमधील सर्जनांनी केवळ दीड मिलिमीटरच्या आसपास जाडीच्या, आतून पाहता येणाऱ्या सुईतून खडा फोडण्याचा अनुभव २०११ मध्ये जगापुढे मांडला. अर्थात ती पद्धत लहान खड्यांसाठी आहे. मोठ्या खड्याला मोठी वाटच लागते.

पीसीएनएलमध्ये खडा निघण्याचे प्रमाण सर्वांत चांगले, पण धोकेही थोडे अधिक असतात. रक्तस्राव होऊन काही रुग्णांना रक्त द्यावे लागते, जंतुसंसर्ग रक्तात पसरू शकतो, वरच्या कप्प्यातून मार्ग केला असेल तर छातीच्या पोकळीला इजा होऊ शकते. घरी गेल्यावर आठ-दहा दिवसांनी अचानक गडद लाल लघवी किंवा गाठी दिसल्या तर वाट न पाहता त्याच रुग्णालयात यावे.

जाहिरातींमुळे ‘लेझरने करा’ असा आग्रह रुग्णच धरू लागले आहेत. लेझर हे खडा फोडायचे एक हत्यार आहे, शस्त्रक्रियेचा प्रकार नव्हे. मूत्रवाहिनीच्या खालच्या टोकाचा खडा साध्या यंत्रानेही तितकाच चांगला निघतो. उलट ३ सेंटिमीटरचा खडा ‘छिद्र नको, लेझर हवे’ म्हणून खालून फोडत बसल्यास दोन-तीन वेळा भूल घ्यावी लागते. डॉक्टरांना विचारायचा प्रश्न असा असावा: माझा खडा किती मिलिमीटरचा आहे, कोठे आहे आणि या पद्धतीने तो एकाच वेळी निघण्याची शक्यता किती?

ही आणीबाणी समजा

मुतखड्याच्या कळेबरोबर थंडी वाजून ताप आला, तर तो मलेरिया समजून घरी थांबू नये. अडथळ्यामागे तुंबलेल्या लघवीत पू झाला असेल तर काही तासांत जंतुसंसर्ग रक्तात पसरून जिवावर बेतू शकते. लघवी पूर्ण बंद होणे, एकच मूत्रपिंड असलेल्या व्यक्तीला कळ येणे, मधुमेही किंवा गर्भवती स्त्रीला मुतखड्यासोबत ताप येणे, सततच्या उलट्यांमुळे पाणीही न टिकणे, या सर्व स्थितींत लगेच दाखल व्हावे. अशा वेळी डॉक्टर खडा लगेच काढत नाहीत. आधी स्टेंट घालून किंवा पाठीतून नळी टाकून तुंबलेली लघवी व पू बाहेर काढतात, प्रतिजैविके देतात आणि संसर्ग गेल्यावर मग खड्याची शस्त्रक्रिया करतात. कार्ड जवळ नसले तरी रुग्णाला आधी दाखल करावे. कागदपत्रांसाठी नातेवाइकांनी आरोग्यमित्राशी तत्काळ बोलावे.

योजनेतून काय मिळते?

प्रधानमंत्री जन आरोग्य योजना २३ सप्टेंबर २०१८ रोजी रांची येथे सुरू झाली. राष्ट्रीय आरोग्य प्राधिकरण ती राज्यांमार्फत राबवते. पात्र कुटुंबाला रुग्णालयात दाखल होऊन घ्यायच्या उपचारांसाठी दरवर्षी ५ लाख रुपयांपर्यंत संरक्षण मिळते. कुटुंबात किती माणसे आहेत किंवा त्यांचे वय काय, याला मर्यादा नाही. आधीपासून असलेला आजार पहिल्या दिवसापासून समाविष्ट आहे. म्हणून ‘खडा कार्ड काढण्याआधीचा आहे’ या कारणाने उपचार नाकारता येत नाहीत.

ग्रामीण व शहरी पात्रता मूळतः २०११ च्या सामाजिक, आर्थिक व जात जनगणनेवर आधारलेली आहे. अनेक राज्यांनी तीत आपल्या योजनांचे लाभार्थी जोडले आहेत. २९ ऑक्टोबर २०२४ पासून ७० वर्षे व त्यावरील सर्व नागरिकांना, उत्पन्न कितीही असले तरी, आयुष्मान वय वंदना कार्डावर लाभ मिळतो. ज्यांचे कुटुंब आधीच योजनेत आहे अशा ज्येष्ठांना त्यांच्यापुरते आणखी ५ लाखांचे संरक्षण आहे. आशा, अंगणवाडी सेविका व मदतनीस यांचाही समावेश झाला आहे. कार्ड आधारवर आधारित ओळख पटवून तयार होते. ते ‘आयुष्मान’ अॅपवर, सामाईक सेवा केंद्रात किंवा सूचीबद्ध रुग्णालयातील आरोग्यमित्राकडे काढता येते. कळ आल्यावर धावपळ करण्यापेक्षा कुटुंबातील प्रत्येकाचे कार्ड आधीच काढून ठेवलेले बरे.

मुतखड्याचे उपचार ‘पॅकेज’ पद्धतीने ठरलेले आहेत. लहरींनी खडा फोडणे, मूत्रवाहिनीतील खडा दुर्बिणीने काढणे, पीसीएनएल, स्टेंट घालणे यांची स्वतंत्र पॅकेजेस आहेत. पॅकेजमध्ये खाट, भूल, सर्जन, शस्त्रक्रियेचे साहित्य, औषधे आणि तपासण्या धरलेल्या असतात. दाखल होण्यापूर्वीचे ३ दिवस आणि घरी सोडल्यानंतरचे १५ दिवस यांतील संबंधित तपासण्या व औषधेही यातच येतात. उपचार रोकडरहित असतात. ‘लेझरचा फरक’, ‘स्टेंटचे वेगळे’ असे म्हणून सूचीबद्ध रुग्णालयाने लाभार्थ्याकडून पैसे मागू नयेत, आणि मागितल्यास निदान पावतीशिवाय तरी देऊ नयेत. ती पावतीच पुढे तक्रारीत उपयोगी पडते.

केवळ बाह्यरुग्ण विभागातील तपासणी योजनेत नाही. त्यामुळे पहिली सोनोग्राफी व सीटी स्कॅन यांचा खर्च बऱ्याच रुग्णांना स्वतः करावा लागतो. जिल्हा रुग्णालय किंवा सरकारी वैद्यकीय महाविद्यालयात हा खर्च खूपच कमी येतो, म्हणून पहिली पायरी तेथे चढणे फायद्याचे.

रुग्णालय निवडताना ते ‘सूचीबद्ध’ आहे एवढे पाहून पुरत नाही. रुग्णालये विशेष विभागांनुसार सूचीबद्ध होतात. प्रसूती किंवा हाडांच्या शस्त्रक्रियेसाठी योजनेत असलेले रुग्णालय मूत्रविकारासाठी नसू शकते. अॅपवरील यादीत मूत्रविकार विभाग निवडून शोध घ्यावा आणि फोन करून दुर्बिणीची शस्त्रक्रिया तेथे होते का याची खात्री करावी. काही राज्यांत काही पॅकेजेस फक्त सरकारी रुग्णालयांसाठी राखून ठेवलेली असतात, तेही आरोग्यमित्र सांगू शकतो.

दाखल झाल्यावर रुग्णालय पूर्वमंजुरीसाठी रुग्णाची नोंद, डॉक्टरांची टिपणे आणि खडा दाखवणारे सोनोग्राफी, एक्स-रे किंवा सीटीचे अहवाल ऑनलाइन पाठवते. फिल्म व अहवाल दोन्ही सोबत न्यावेत, कारण अहवालात खड्याचे माप व जागा स्पष्ट नसेल तर मंजुरी अडते. शस्त्रक्रियेपूर्वी लघवीची कल्चर तपासणी होते. तीत जंतू आढळले तर औषधे देऊन शस्त्रक्रिया पुढे ढकलतात. अॅस्पिरिन, क्लोपिडोग्रेल किंवा रक्त पातळ करणारी इतर गोळी चालू असेल तर पहिल्याच भेटीत सांगावे. ती स्वतःहून बंद करू नये.

दुसऱ्या राज्यात कामाला असाल तर

पंतप्रधान जन आरोग्य योजनेचे कार्ड योजना लागू असलेल्या कोणत्याही राज्यातील सूचीबद्ध रुग्णालयात चालते. बिहारचा मजूर सुरतेत आणि मराठवाड्यातील ऊसतोड कामगार कर्नाटकात उपचार घेऊ शकतो. देयक त्याच्या मूळ राज्याच्या यंत्रणेकडून दिले जाते.

राज्यांच्या स्वतःच्या योजनांचे नियम वेगळे असू शकतात. महाराष्ट्रात ही योजना महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेशी जोडून राबवली जाते. १ जुलै २०२४ पासून राज्यातील सर्व कुटुंबांना दरवर्षी ५ लाख रुपयांपर्यंत संरक्षण आहे. मात्र केंद्राच्या यादीत नाव नसलेल्या आणि केवळ राज्य योजनेतून लाभ घेणाऱ्या कुटुंबाने दुसऱ्या राज्यात उपचार ठरवण्यापूर्वी मदतवाणीवर विचारून घ्यावे. गोव्यात दीनदयाळ स्वास्थ्य सेवा योजना स्वतंत्रपणे चालते. कारखान्यात कर्मचारी राज्य विम्याची वर्गणी कापली जात असेल तर त्या विम्याच्या रुग्णालयातूनही हे उपचार मिळतात.

स्टेंट: शस्त्रक्रिया संपली, उपचार नाही

दुर्बिणीच्या बहुतेक शस्त्रक्रियांनंतर मूत्रपिंडापासून मूत्राशयापर्यंत एक मऊ, पोकळ नळी ठेवतात. दोन्ही टोकांना वळण असल्यामुळे ती जागची हलत नाही. तिला डीजे स्टेंट म्हणतात. सूज असतानाही लघवी उतरत राहावी, उरलेले बारीक तुकडे अडकू नयेत, यासाठी ती असते. स्टेंट असेपर्यंत वारंवार लघवीला जावे लागणे, लघवी करताना कुशीत ओढ लागणे, कष्टाच्या कामानंतर लघवी थोडी लाल होणे हे त्रास होऊ शकतात. पाणी भरपूर प्यावे, डॉक्टरांनी दिलेल्या गोळ्या घ्याव्यात, घाबरू नये.

ही नळी कायमची नसते. सहसा दोन ते सहा आठवड्यांत ती काढतात आणि नेहमीचा स्टेंट तीन महिन्यांहून अधिक ठेवणे धोक्याचे मानले जाते. काढणे अगदी सोपे असते. मूत्रमार्गात बधिर करणारी जेली घालून दुर्बिणीने नळी पकडून बाहेर घेतात, काही मिनिटांचे काम, त्याच दिवशी घरी.

तरीही स्टेंट विसरलेले रुग्ण देशभरातील रुग्णालयांत येत राहतात. कारणे साधी आहेत. स्टेंट आत आहे हे रुग्णाला कोणी समजेल अशा भाषेत सांगितलेले नसते. डिस्चार्ज कागदावर ते इंग्रजीत एका ओळीत लिहिलेले असते. त्रास थांबलेला असतो, रोजगार बुडवून पुन्हा शहरात यायचे जिवावर येते, आणि कामाचे गाव बदललेले असते. दरम्यान नळीवर क्षार साचू लागतात. वर्षभराने ती खड्यांनी वेढली जाते, कधी आतच तुटते. मग जी नळी पाच मिनिटांत निघाली असती तिच्यासाठी खालून दुर्बीण, पाठीतून छिद्र आणि मूत्राशयातील खडा फोडणे अशा तीन-तीन शस्त्रक्रिया कराव्या लागतात. काहींचे मूत्रपिंड तोवर गेलेले असते. खडा काढून वाचवलेले मूत्रपिंड असे जाणे फार वाईट, कारण ते पूर्णपणे टाळता येण्यासारखे आहे.

योजनेच्या लाभार्थ्याने येथे एक हिशेब लक्षात ठेवावा. घरी सोडल्यानंतरचा समाविष्ट काळ १५ दिवसांचा आहे आणि स्टेंट काढायची तारीख बहुधा त्यानंतरची असते. म्हणून रुग्णालय सोडण्याआधीच आरोग्यमित्राला विचारावे: स्टेंट काढणे आताच्या पॅकेजमध्ये धरले आहे की त्यासाठी नवी नोंद व मंजुरी लागेल, आणि त्या दिवशी कार्ड सोबत आणायचे का? डिस्चार्ज कागदावर चार गोष्टी आपल्याला वाचता येतील अशा भाषेत लिहून घ्याव्यात. स्टेंट ठेवला आहे की नाही, उजव्या बाजूला की डाव्या की दोन्ही, ठेवल्याची तारीख आणि काढण्याची शेवटची तारीख. दोन्ही बाजूंची शस्त्रक्रिया झाली असेल तर नळ्या दोन असतात आणि एक काढून दुसरी राहिल्याचेही प्रकार घडतात. त्या कागदाचा फोटो घरातील आणखी एकाच्या फोनमध्ये ठेवावा. गावी परतावे लागले तर स्टेंट घालणाऱ्या रुग्णालयातच तो काढला पाहिजे असे नाही. हा कागद घेऊन मूत्रविकार विभाग असलेल्या कोणत्याही रुग्णालयात जाता येते. कागद हरवला आणि शंका असेल तर पोटाचा साधा एक्स-रे पुरतो, नळी त्यात सहसा स्पष्ट दिसते. आशा कार्यकर्तीला शस्त्रक्रियेची व तारखेची माहिती दिली तर तिची आठवणही उपयोगी पडते.

पुन्हा खडा होऊ नये म्हणून

ज्याला एकदा मुतखडा झाला त्याला पुन्हा होण्याची शक्यता बरीच असते. म्हणून शस्त्रक्रियेनंतर काही आठवड्यांनी तुकडे उरले आहेत का, हे सोनोग्राफी किंवा एक्स-रेने पाहून घ्यावे.

पाण्याचे प्रमाण ग्लास मोजून ठरवण्यापेक्षा लघवीवरून ठरवावे. दिवसभरात दोन ते अडीच लिटर लघवी व्हावी आणि ती फिकट रंगाची असावी. उन्हात काम करणाऱ्याला त्यासाठी घरात बसणाऱ्यापेक्षा कितीतरी जास्त पाणी लागते. जेवणातील मीठ, लोणची, पापड, खारवलेले पदार्थ कमी करावेत. लिंबूपाणी चांगले, पण त्यात मीठ नको. दूध-दही बंद करण्याचा सल्ला शेजारीपाजारी हमखास देतात आणि तो चुकीचा आहे. अन्नातील कॅल्शियम आतड्यातच ऑक्झलेटला धरून ठेवते, ते बंद केले तर उलट ऑक्झलेट अधिक शोषले जाते. टोमॅटोच्या बियांना तर विनाकारण बदनाम केले गेले आहे. टोमॅटोत ऑक्झलेटचे प्रमाण थोडेच असते. पालक, चुका यांसारख्या भाज्या मात्र ऑक्झलेटचा खडा असलेल्यांनी बेताने खाव्यात. बिअर पिऊन खडा पडतो ही समजूत सोडून द्यावी. युरिक अॅसिड वाढलेल्या माणसाला तर ती अपायच करते. कॅल्शियमच्या गोळ्या घेत असाल तर डॉक्टरांना विचारूनच चालू ठेवाव्यात.

तक्रार व माहितीसाठी

पात्रता, जवळचे सूचीबद्ध रुग्णालय किंवा तक्रार यासाठी देशभरात १४५५५ हा निःशुल्क क्रमांक आहे. महाराष्ट्रातील योजनेसाठी १५५३८८ किंवा १८०० २३३ २२०० वर संपर्क साधावा. रुग्णालयाने पैसे मागितले, कार्ड असूनही दाखल करून घेतले नाही किंवा मंजुरी विनाकारण रखडली तर आधी रुग्णालयातील आरोग्यमित्राकडे लेखी नोंद करावी. तेथे दाद लागली नाही तर मदतवाणीवर किंवा योजनेच्या तक्रार निवारण पोर्टलवर तक्रार नोंदवून तिचा क्रमांक घ्यावा. जिल्हा पातळीवर जिल्हाधिकाऱ्यांच्या अध्यक्षतेखाली तक्रार निवारण समिती असते. तक्रारीसोबत कार्डाची प्रत, दाखल व डिस्चार्जचे कागद आणि दिलेल्या पैशांची पावती जोडावी.